दवाखान्यात कॅन्सर लवकर ओळखायचा तर पैसे कुठे जातात: कोल्हापुरातल्या एका ओपीडीच्या नोंदी

१० जून २०२४

सुरुवात केली. दवाखाना रंकाळा स्टँडच्या बाजूला. मी एकटी डॉक्टर, एक कंपाउंडर, एक मावशी. दोन्ही वेळचे मिळून साठ-सत्तर पेशंट. निम्मे शहरातले, बाकीचे राधानगरी आणि गगनबावडा रस्त्यावरच्या गावांतून एसटीनं येणारे. फी दीडशे, त्यात दोन दिवसांच्या गोळ्या.

काम असं ठरवलंय: तोंड, स्तन, गर्भाशयाचं तोंड, शिवाय बरा न होणारा खोकला, उतारवयात कमी झालेलं रक्त आणि शौचातून जाणारं रक्त, यात आपल्या टेबलावर उशीर होऊ द्यायचा नाही. त्यासाठी दवाखान्याचा किती, माझा किती आणि पेशंटचा किती खर्च होतो तो लिहून ठेवायचा. दर आमच्या भागातले आहेत, गोल करून लिहितेय.

आजची खरेदी: कपाळावर बांधायचा एलईडी दिवा साडेचारशे, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्यांचा डबा नव्वद, हातमोजे साडेतीनशे, एक जाड रजिस्टर. हजाराच्या आत भागलं. मोबाईलच्या टॉर्चवर भागवायला जाऊ नका. एक हात मोबाईल धरण्यात जातो आणि गाल बाजूला ओढायला दुसरा हात उरत नाही.

१३ जून

‘तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं तोंड बघायचं’ हा बेत बारगळला. नीट बघायचं तर दोन मिनिटं लागतात: ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या आणि गालामधली खोबण, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, टाळू, मग हातमोजा घालून बोटानं चाचपणी. कवळी काढायला लावायची ती वेगळीच. चाळीस जणांना दोन-दोन मिनिटं म्हणजे सव्वा तासाच्या वर. बाहेर ताप-जुलाबाचे पेशंट दार वाजवायला लागतात.

त्यात माणूस आत येतो तोच गालात मावा धरून. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, पण मावा पानपट्टीवर समोर घोटून मिळतो. मग त्यानं बाहेर जाऊन थुंकायचं, चूळ भरायची, परत यायचं.

दोन बदल केले. पहिला, तपासणी तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांपुरती ठेवली. केरळात तिरुवनंतपुरमला झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली आले. नुसतं डोळ्यांनी तोंड तपासून मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं ते तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्येच. वेळ मोजका असेल तर तो तिथंच घालवावा. दुसरा, चूळ भरण्याचं काम रांगेतच उरकायचं. मावशी बाहेर विचारतात आणि ‘हो’ म्हटलं की तांब्या हातात देतात. सोबत तीन बोटांची परीक्षा: स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात मावतात का बघा. नाही मावली तर चिठ्ठीवर मावशी ‘३’ लिहून त्यावर काट मारतात. सुपारीनं आक्रसलेलं तोंड माझ्यापर्यंत यायच्या आधीच कळतं.

बायकांच्या बाबतीत प्रश्नच बदलावा लागला. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की सरळ ‘न्हाई’. ‘दात कशानं घासता?’ म्हटलं की मिसरी निघते. दिवसातून तीन-चार वेळा लावणाऱ्याही आहेत.

२४ जून

तोंडात शोधायचं ते हे: खरवडून न निघणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), बरी न होणारी जखम. चट्टे लगेच पुढे पाठवते. जखमेचा प्रश्न असतो, कारण बऱ्याच जखमा टोकदार दातानं झालेल्या असतात. टोकदार दात घासून बोथट करून घ्या, तंबाखू बंद करा, तीन आठवड्यांच्या आत परत दाखवा, असं सांगते. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम बायॉप्सीला, म्हणजे तुकडा काढून तपासायला, गेलीच पाहिजे.

सांगते, पण माणूस परत येत नाही. कारण विचारायला फार लांब जावं लागलं नाही. जखम दुखत नाही, आणि परत यायचं म्हणजे पुन्हा दीडशे. म्हणून शिक्का करून घेतला, अडीचशे रुपये: ‘या तारखेला फेरतपासणी. पैसे नाहीत.’ खाली तारखेची जागा. कंपाउंडरचं म्हणणं, फुकट म्हटलं की लोक जुनी सगळी दुखणी घेऊन येतील. तसे थोडे येतातही. फेरतपासणीत दुसरं औषध लिहिलं तर फी घ्यायची, असं ठरवून तो वाद मिटवला.

८ जुलै

रजिस्टर बाद.

नाव, गाव, वय, काय दिसलं, कधी बोलावलं, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. पण आज कोण यायचं होतं ते शोधायला दहा पानं चाळायची. कंपाउंडरच्या पुतण्यानं संगणकावर तक्ता करून दिला. तो एक आठवडा भरला गेला, नंतर कुणी उघडला नाही. गर्दीच्या वेळी कुणाला फुरसत नसते.

चाललं ते साधं: दिवसाला एक पान असलेली डायरी, वर्ष अर्धं सरल्यामुळे निम्म्या किमतीत मिळाली. पेशंटचं नाव तो आला त्या तारखेला लिहायचंच नाही, यायचा आहे त्या तारखेच्या पानावर लिहायचं. आला की टिक. रात्री दवाखाना बंद करताना टिक नसलेली नावं मावशींकडे.

फोनचा अनुभव लिहून ठेवते, कारण सगळ्यात जास्त वेळ यात गेला. दिलेला नंबर निम्म्या वेळा मुलाचा असतो आणि मुलगा पुण्यात. दुपारी कुणी उचलत नाही. आता दोन नंबर घेतो, एक घरातला आणि एक शेजारचा किंवा लेकीचा, आणि फोन रात्री आठनंतर करतो. दुसऱ्यानं उचलला तर ‘दवाखान्यातून बोलतोय, तोंडातल्या जखमेवर औषध द्यायचं राहिलंय’ एवढंच. कॅन्सर हा शब्द फोनवर कुणाहीपुढे काढायचा नाही, खुद्द पेशंटपुढेही नाही. हे मावशींना सांगावं लागलं नाही, त्यांनीच मला सांगितलं.

या कामासाठी मावशींचा रोजचा तासभर वाढला. महिन्याला दोन हजार जास्त द्यायचे ठरले.

२६ जुलै

पंचगंगा धोक्याच्या पातळीवर, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या वर. गगनबावडा रस्ता बंद. या आठवड्याच्या डायरीतली त्या बाजूची सगळी नावं पुढच्या पंधरवड्यात ढकलली. त्यात रोपलावणीचे दिवस, म्हणजे पाणी ओसरल्यावरही लगेच कुणी यायचं नाही. पुढच्या वर्षी जुलैत फेरतपासणीच्या तारखा देताना हे धरून चालायचं.

१२ ऑगस्ट

स्तनाच्या गाठी. यात पेशंटचा पैसा सगळ्यात जास्त वाया गेलेला दिसतोय.

आजवरची रीत अशी: गाठ हाताला लागली की सोनोग्राफी, साधारण अकराशे. शंका आली की जवळच्या लॅबमध्ये सुईनं पेशी काढून तपासणी, म्हणजे एफएनएसी, आठशे. रिपोर्ट संशयास्पद आला की मोठ्या रुग्णालयात. तिथं एफएनएसीचा कागद बाजूला ठेवतात आणि जाड सुईनं तुकडा काढतात. त्यांचंही बरोबर आहे. ईआर, पीआर, हर-टू या कॅन्सरच्या पेशींमधल्या खुणा बघून औषध ठरतं, आणि त्यासाठी पेशींचा नुसता थर पुरत नाही, तुकडा लागतो. म्हणजे आमचे आठशे आणि मधला आठवडा फुकट गेला. याहून वाईट म्हणजे ‘लहान गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून निदान न करताच कापलेली. एक बाई तशी टाके घेऊनच आली. त्यानंतर पुन्हा ऑपरेशन, कारण कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर उरलाय की नाही ते कुणी बघितलंच नव्हतं.

आता नियम: हाताला कडक, न सरकणारी गाठ, ओढली गेलेली कातडी, आत वळलेलं स्तनाग्र किंवा काखेत गाठ असेल तर एफएनएसी लिहायची नाही, थेट तुकडा जिथं काढतात तिथं चिठ्ठी. तुकड्याची तपासणी महाग आहे, साडेतीन हजारांच्या आसपास, पण ती एकदाच होते. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचाराची मंजुरी मागताना बायॉप्सीचा अहवाल लागतोच. ज्यांना साडेतीन हजार जमत नाहीत त्यांना सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, पाठवते. तिथं रांगेत दिवस जातो, पण पैसे वाचतात. कुठे जायचं ते त्यांनी ठरवायचं. दोन्हीकडचे दर चिठ्ठीवर लिहून देते.

तक्रार नसलेल्या बायकांची हातानं तपासणी पन्नाशीच्या पुढच्यांनाच सुचवते. मुंबईत २० वर्षं चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ला आले. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं, आणि ५०च्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. गाठ घेऊन आलेलीचं वय मात्र बघायचं नाही.

२० ऑगस्ट

आतड्याच्या कॅन्सरची शंका आली की शौचातलं न दिसणारं रक्त शोधतात. त्याची जुनी चाचणी लॅबमध्ये शंभर-दीडशेत होते. तिला पथ्य लागतं: आधी तीन दिवस मटण बंद, नाहीतर खाल्लेल्या मांसातल्या रक्तानंच ती पॉझिटिव्ह येते. कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे पेशंटशी भांडण. एकानं ‘तीन दिवस जमतंय वो, पर त्यात रविवार नको’ म्हणून तारीख बदलून घेतली. सध्या श्रावण असल्यामुळे निभावतंय.

नवी चाचणी, फिट, माणसाच्याच रक्तातलं प्रथिन शोधते, त्यामुळे पथ्य नाही. पण इथल्या लॅबकडून नमुना बाहेर जातो आणि सातशेच्या घरात बिल येतं. ब्रिटनमध्ये हीच चाचणी डॉक्टर पहिल्या पायरीवर वापरतात. इथं सरसकट लिहिणं परवडत नाही. पन्नाशीच्या पुढचा पुरुष किंवा पाळी गेलेली बाई, आणि फेरिटिनवरून (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) लोहाची कमतरता नक्की, अशांनाच लिहिते.

ही अट घालायला महिना लागला. सुरुवातीला रक्त कमी असलेल्या सगळ्यांकडे संशयानं बघत होते. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५७ टक्क्यांना रक्तक्षय आहे, हा २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. पाळी, जेवण, जंत, मूळव्याध यांतून कॅन्सर वेगळा काढायचा तर वय आणि पाळी आधी विचारायला हवी. तरण्या बाईचं हिमोग्लोबिन आठ आलं म्हणून तिला कोलोनोस्कोपीला (नळीनं मोठं आतडं आतून बघण्याची तपासणी) धाडायचं नसतं; लोहाच्या गोळ्या देऊन महिन्यानं बघायचं असतं. साठीच्या शेतकऱ्याचं नऊ आलं तर मात्र गोळ्या देऊन वाट बघत बसायचं नाही.

३० सप्टेंबर

पैशाची उघड बोलली जात नाही ती बाजू.

सोनोग्राफी असो, सीटी असो, पाठवणाऱ्या डॉक्टरच्या नावावर काही टक्के जमा होतात. महिनाअखेरीस पाकीट. इतकी वर्षं मी ते घेत नव्हते, पण नको म्हणून पेशंटचं बिल कधी कमी झालं नाही. ती रक्कम सेंटरकडेच राहत होती.

या वेळी जाऊन बोलले. माझ्या शिक्क्याची चिठ्ठी आली तर तेवढे पैसे बिलातून वजा करा. एका ठिकाणी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यानं मान्य केलं: स्तनाची सोनोग्राफी अकराशेची आठशेला, छातीचा एक्स-रे साडेतीनशेचा अडीचशेला. अट एवढीच की दराची पाटी बाहेर लावायची नाही. मी दुसरी गोष्ट मागितली ती त्याहून कामाची ठरली: दुपारी बारा ते एक आमच्या पेशंटसाठी राखीव आणि रिपोर्ट त्याच दिवशी चारच्या आत. म्हणजे गावाकडची बाई सकाळच्या गाडीनं येते, मला दाखवते, सोनोग्राफी करते, रिपोर्ट घेऊन परत येते आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी.

याचा हिशेब भांगलणीला जाणाऱ्या एका बाईनं घालून दिला. आधीच्या पद्धतीत तिच्या दोन खेपा. ‘मी एक दिवस आलो की तीनशे गेलं, आणि मालक संगं आलं की त्येंचं सहाशे.’ दोन दिवसांचे अठराशे, वर चहा-भाडं. सोनोग्राफी अकराशेची. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे भाडं तरी हलकं आहे. रोजगार कुठला अर्धा बुडतोय! तिची गाठ साधी निघाली. खर्च मात्र झालाच.

१७ ऑक्टोबर

गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. पाच टक्के ॲसेटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. द्रावण कवडीमोल आहे: पाच मिली तीव्र ॲसिड, पंच्याण्णव मिली पाणी, रोज ताजं. मूळ बाटली कुलपात ठेवा. ती सौम्य न करता लागली तर भाजतं.

बाकी सगळं महाग. जुन्या पिवळ्या दिव्यात पांढरा डाग कळतच नाही, म्हणून पांढऱ्या प्रकाशाचा उभा दिवा अडीच हजार. स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघायला योनिमार्ग उघडा धरायचं साधन, सहा होते. सहा बायका झाल्या की निर्जंतुक होईपर्यंत सातवी बसून. अजून सहा घेतले. पडदा, कंपाउंडरला बाहेर पाठवणं, उठून कपडे सावरणं, सगळं धरून एकीला वीस मिनिटं. ओपीडीच्या वेळेत हे होत नाही. गुरुवार दुपार ठेवली. पाळी गेलेल्या बायकांना बोलावणं बंद केलं, कारण बघायचा भाग वयानुसार आत सरकतो आणि तपासणीचा भरवसा राहत नाही.

सध्या गुरुवारीही खोली निम्मी रिकामीच असते. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये याच तपासणीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं, पण तिथं ती दर दोन वर्षांनी, घरोघरी बोलावून, वर्षानुवर्षं केली होती. एकट्या दवाखान्याच्या आवाक्यातलं ते नाही. तिशीच्या पुढच्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते. आमच्या गावांतल्या आशाताईंचे नंबर घेतलेत. बाईला तिकडे पाठवायचं आणि गेली की नाही ते आमच्या डायरीत बघायचं. जी तिकडे जायला तयार नाही तिच्यासाठी गुरुवार.

१८ नोव्हेंबर

खोकला. दोन आठवड्यांच्या वर असेल तर आपल्याकडे आधी टीबी, आणि ते योग्यच. थुंकीची तपासणी सरकारीत फुकट आहे. घोटाळा पुढे होतो. थुंकीत काही सापडत नाही, एक्स-रेवर डाग आहे, म्हणून ‘टीबीच असणार’ करत सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. बिडी ओढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरला उशीर व्हायची आपल्या देशातली ही ठरलेली वाट. शिरोलीच्या फौंड्रीतला एक जण असाच दुसरीकडून औषधं घेत आलेला. नियम: पुराव्याशिवाय टीबीचं औषध चालू असलेला चाळिशीपुढचा बिडीवाला दिसला की डायरीत सहा आठवड्यांनंतरच्या पानावर नाव. एक्स-रे परत, आणि डाग तसाच असेल तर सीटी.

२ डिसेंबर

हिशेब. दवाखान्याचा महिन्याचा: मावशींचे दोन हजार, पट्ट्या-हातमोजे-द्रावण सहाशे, फोन किरकोळ, फुकट फेरतपासण्यांत बुडालेली फी अंदाजे चार हजार. गुरुवारची दुपार धरलेली नाही. दिवे आणि स्पेक्युलम धरून एकदाच झालेला खर्च पाच हजारांच्या आसपास.

नक्की झालेले कॅन्सर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. यात निराश व्हायचं कारण नाही. ब्रिटनमधल्या पूर्णवेळ डॉक्टरलाही वर्षाकाठी साधारण आठ नवे कॅन्सर भेटतात.

पण त्यांचे नियम इथं जसेच्या तसे लावता येत नाहीत. डॉक्टरांसाठी नियम ठरवणाऱ्या त्यांच्या नाइस या संस्थेनं २०१५ला उंबरठा ठरवला: लक्षणांवरून कॅन्सरची शक्यता ३ टक्के असली तरी माणूस तातडीनं पुढे पाठवा. म्हणजे उंबरठ्यावरच्या शंभरातले सत्त्याण्णव निर्धोक निघणार, हे धरूनच चालायचं. तिथं त्या सत्त्याण्णवांच्या तपासणीचे पैसे सरकार भरतं. इथं सत्त्याण्णव घरांनी रोजगार बुडवून, खिशातून भरायचे, आणि ‘काही निघालं नाही’ म्हणून मलाच ऐकवायचं. उंबरठा वर नेला तर उशीर होणार, खाली ठेवला तर लोक दवाखाना बदलणार. मी तो खालीच ठेवलाय, आणि निर्धोक निघणाऱ्याचा खर्च कुठून कमी करता येतो ते बघतेय. एका दिवसात काम उरकणं, एफएनएसी गाळणं आणि बिलातून वजावट, एवढ्या तिघांनीच आतापर्यंत पैसे वाचवलेत.

२३ डिसेंबर

नव्या वर्षाची डायरी आणली, या वेळी पूर्ण किमतीत. जुन्या डायरीतली टिक नसलेली नावं मावशी जानेवारीच्या पानांवर उतरवताहेत. गळीत हंगाम सुरू आहे. ऊसतोडीच्या टोळ्या मार्चपर्यंत इथं असतील. त्यांच्यात मिसरी-तंबाखू भरपूर आणि पत्ता तीन महिन्यांचा. त्यांना तीन आठवड्यांनी बोलावण्यात अर्थ नाही. जखम दिसली की पहिल्याच दिवशी बायॉप्सी होईल अशी सोय लागते. शहरातल्या एका दंतवैद्य मैत्रिणीशी बोललेय. ती महिन्यातून दोन बुधवारी यायला तयार आहे, तुकडा तपासायचा दर लॅबशी ठरायचा आहे. टोळीच्या मुकादमाशी परवा बोलणं.